भिंत दिसत नसताना

शालेय जलतरण स्पर्धांचा हंगाम नागपुरात साधारणपणे पोळ्याच्या आगेमागे सुरू होतो. नवतपाच्या उकाड्यात तलावावर उसळलेली गर्दी शाळा उघडताच ओसरते, उन्हाळी शिबिरातली मुले घरी परततात आणि पावसाळ्याच्या दिवसांत पाण्यात उरतात ती स्पर्धेसाठी पोहणारी मोजकी मुले. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशी त्यांची वाट असते. गेली अनेक वर्षे मी या स्पर्धांमध्ये टाइमकीपर म्हणून लेनच्या टोकाशी उभी राहते आहे आणि दर हंगामात पालकांकडून एक विनंती न चुकता ऐकते. ‘मॅडम, पोरगं प्रॅक्टिसमध्ये मस्त पोहते जी, पण कॉम्पिटिशनच्या दिवशी त्याले काय होते काही समजत नाही. तुम्ही जरा त्याले मोटिव्हेट करून द्या ना.’

ही विनंती मनापासून केलेली असते आणि तिच्यामागची काळजी खरी असते, म्हणून तिचे उत्तरही नीट विचार करून द्यायला हवे. मला वाटते, त्या मुलात प्रेरणेची कमतरता बहुधा नसतेच. ज्याला पोहण्याची इच्छा नाही ते मूल भर पावसात पहाटे साडेपाचला मानेवाड्याहून अंबाझरीपर्यंत आईच्या स्कूटरवर मागे बसून येत नाही, आणि सराव संपल्यावर ओल्या केसांनी घाईघाईत तर्रीपोहे खाऊन तसेच शाळेत जात नाही. इच्छा भरपूर असते. शर्यतीच्या दिवशी कमी पडतो तो आधार. ओळखीचा तलाव, शेजारच्या लेनमधला मित्र, काठावरून येणारी सरांची शिट्टी, यांच्या सोबतीने ते रोज पोहत असते. शर्यतीच्या क्षणी हे सगळे एकदम नाहीसे होते आणि त्याच्या जागी काय धरायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. भाषणाने इच्छा वाढते हे खरे, पण ज्याची इच्छा आधीच काठोकाठ आहे त्याला आणखी भाषण ऐकवले की वाढते ती छातीतली धडधड.

टाइमकीपरला मुले फार जवळून दिसतात. शर्यतीआधीची शेवटची दोन-तीन मिनिटे ती स्टार्टिंग ब्लॉकच्या मागे, आमच्या खुर्च्यांना खेटून उभी असतात. हीटची, म्हणजे प्राथमिक फेरीची, यादी भिंतीवर डकवलेली असते, त्यात प्रत्येकाचे आधीचे टायमिंग छापलेले असते, आणि बहुतेक मुलांनी स्वतःचे टायमिंग पाहण्याआधी शेजारच्या लेनचे पाठ केलेले असते. कोणी गॉगलचा पट्टा पुन्हा पुन्हा घट्ट करतो, कोणी टोपी काढून परत चढवते, कोणाचे लक्ष गॅलरीत बसलेल्या वडिलांच्या चेहऱ्याकडे लागलेले असते. मग रेफरीच्या आखूड शिट्ट्या होतात, त्यानंतर एक लांब शिट्टी, मुले ब्लॉकवर चढतात, ‘टेक युवर मार्क्स’ ऐकू येते आणि सगळे निश्चल होते. त्या निश्चल क्षणात जो आधी सुटला तो बाद, दुसरी संधी नाही, हा नियम प्रत्येकाला ठाऊक असतो. म्हणूनच काही मुले बाद होण्याच्या भीतीने इतकी जखडतात की इशारा झाल्यावरही त्यांचे पाय ब्लॉकवरून उशिरा सुटतात.

याच गर्दीत दोन-चार मुले वेगळी दिसतात आणि ती सर्वांत वेगवान असतीलच असे नाही. त्यांचा एक क्रम ठरलेला असतो. ब्लॉक ओला असेल तर टॉवेलने पुसायचा, खांदे फिरवायचे, छातीवर आणि हातांवर पाणी मारायचे, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा आणि मग आपल्याच लेनच्या पाण्याकडे पाहायचे. जिल्हा स्पर्धा असो की राज्य स्पर्धा, क्रम बदलत नाही. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके खरोखर मंदावतात, त्यामुळे त्या कृतीला शरीराचाही आधार आहे. पण मला वाटते, या क्रमाचे मोठे मोल असे आहे की पुढच्या क्षणी काय करायचे हे मुलाला आधीच माहीत असते, आणि ज्याला पुढची कृती माहीत आहे त्याच्या मनात शेजारच्याच्या टायमिंगला शिरायला जागा कमी राहते.

पोहणे या खेळाची घडणच अशी आहे की मनाला त्यात फार मोकळे रान मिळते. इतर खेळांत सवंगड्याची हाक असते, मध्येच मिळणारी उसंत असते, निदान समोरच्याचा चेहरा तरी दिसतो. पोहणाऱ्याला टाळ्या ऐकू येत नाहीत, सरांचे शब्द पोहोचत नाहीत, आणि फ्रीस्टाईल पोहताना तर त्याला फक्त तळाशी आखलेली काळी रेघ दिसते. ती भिंतीच्या दोन मीटर आधी आडव्या पट्टीने संपते, तीच भिंत जवळ आल्याची खूण. ५० मीटरच्या शर्यतीत विचाराला वेळ मिळत नाही. पण २०० मीटरला दोन ते अडीच मिनिटे लागतात आणि त्या काळात मन पुष्कळ बोलते. अनुभवी जलतरणपटू त्यातल्या तिसऱ्या पन्नासाबद्दल नेहमी सांगतात. पहिला पन्नास ताज्या दमाचा, दुसरा लयीचा, चौथ्यात शेवट जवळ आल्याचा दिलासा असतो. तिसऱ्यात मात्र खांदे जड होतात, पाय मागे राहतात, अजून एक संपूर्ण लांबी शिल्लक असते आणि ‘जरा सैल सोडलं तर काय बिघडतं’ हा प्रश्न अगदी सभ्यपणे पुढे येतो. दोनशेच्या शर्यती बहुतेक वेळा तिथेच सुटतात. वर उभे राहून स्टॉपवॉचवर लॅप घेताना ते आम्हाला आकड्यांत दिसते, आणि पोहणाऱ्याला ते बऱ्याचदा शर्यत संपल्यावरच कळते.

जलतरणातल्या मनोबलाचा विषय निघाला की अमेरिकेचा ऑलिंपिक विजेता जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या गॉगलची गोष्ट सांगितली जातेच. १३ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत त्याने सूर मारला आणि गॉगलमध्ये पाणी शिरू लागले. ते वाढत गेले आणि अखेरच्या टप्प्यात त्याला ना तळाची रेघ दिसत होती, ना भिंत. तो स्ट्रोक मोजत राहिला, ठरल्या आकड्याला हात लांबवला आणि बोटे भिंतीला लागली. १ मिनिट ५२.०३ सेकंद, नवा विश्वविक्रम. भाषणांत ही गोष्ट पोलादी इच्छाशक्तीचा दाखला म्हणून येते आणि तिथेच संपते, याचे मला वाईट वाटते, कारण तिचा शिकण्यासारखा भाग त्या शर्यतीच्या आधी घडून गेलेला होता. प्रशिक्षक बॉब बोमन यांनी फेल्प्सला किशोरवयापासून रोज झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर संपूर्ण शर्यत मनात पोहायला लावले होते, आणि त्या मनातल्या शर्यतीत बिघाडही असायचे. ऑस्ट्रेलियातल्या एका स्पर्धेच्या वेळी तर त्यांनी मुद्दाम त्याच्या गॉगलवर पाय ठेवून ते तडकवले होते, म्हणजे पाण्यात गेल्यावर ते भरावेत. एका लांबीला आपल्याला किती स्ट्रोक लागतात हा आकडा त्याच्या अंगात मुरला होता, झोपेतून उठवून विचारले तरी एखाद्याला बाराचा पाढा यावा तसा. बीजिंगमध्ये त्याला धैर्य लागलेच असेल, पण आधी लागला तो हा आकडा.

फेल्प्सच्या बाबतीत जो अपवादाचा प्रसंग होता, तो आपल्या शहरातल्या एका जलतरणपटूसाठी रोजचा नियम आहे. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या दृष्टिबाधित जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटीत झालेल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर वैयक्तिक मेडलेचे सुवर्णपदक जिंकले. त्यांचा गट एस ११, म्हणजे पूर्ण किंवा जवळपास पूर्ण अंध जलतरणपटूंचा. या गटात सर्वांना काळे केलेले गॉगल घालावेच लागतात, म्हणजे कोणाला किंचित उजेड जाणवत असेल तर त्याचाही फायदा मिळू नये. प्रत्येक टोकाला एक टॅपर उभा असतो, लांब काठीच्या टोकाला मऊ गोळा बसवलेला असतो, आणि पोहणारा भिंतीजवळ आला की तो त्याच्या डोक्याला किंवा पाठीला एकदा टेकवतो. त्या एका स्पर्शातून टर्न घ्यायचा की हात लांबवायचा हे ठरवायचे. सरळ रेषेत राहण्यासाठी लेनच्या दोरीला हात घासत जावे लागते, त्यात कातडी सोलवटते.

मेडले म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या पदकाचे वजन जास्त कळेल. बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाईल या क्रमाने चार पन्नास पोहायचे, चारही शैलींचे स्ट्रोकचे आकडे निराळे, आणि बटरफ्लाय व ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले नाहीत तर बाद. हे सगळे अंधारात. शिवाय मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे आणि आपले नागपूर जेमतेम तीनशे मीटरवर, त्यामुळे तिथे प्रत्येक श्वासातून कमी प्राणवायू मिळतो. ही स्पर्धा खरे तर ३० सप्टेंबरपासून व्हायची होती. १९ सप्टेंबरच्या भूकंपाने ती डिसेंबरवर गेली. ज्या दिवसासाठी शरीर आणि मन जुळवत आणलेले असते तो दिवस ऐन वेळी दोन महिने पुढे सरकणे म्हणजे काय, हे स्पर्धेसाठी पोहलेल्या कोणालाही विचारावे. त्याच वर्षी जुलैमध्ये बर्लिनच्या स्पर्धेत कांचनमाला यांना खर्चाच्या पैशांसाठीही धावपळ करावी लागल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या होत्या. मला फार वाटते की आपल्या मुलांना फेल्प्सची गोष्ट सांगताना ही गोष्ट आधी सांगितली जावी. बँकेत जाऊन रोजची नोकरी करणारी स्त्री याच शहरात सराव करते आणि जगातल्या सर्वोत्तम पोहणाऱ्यांसमोर जिंकून येते, हे मुलांना कळले पाहिजे.

मोजण्याची ही शिस्त डोळस मुलांनाही शिकवता येते, आणि तिची सुरुवात बॅकस्ट्रोकपासून करणे सोयीचे असते, कारण पाठीवर पोहणाऱ्याला भिंत दिसतच नाही. त्यासाठी भिंतीच्या पाच मीटर आधी तलावावर आडवी पताकांची दोरी बांधलेली असते. ती डोक्यावरून गेली की प्रत्येकाने आपला आकडा मोजायचा. ज्यांचा आकडा पक्का नसतो ती मुले पताका दिसताच मान वळवून मागे पाहतात आणि तेवढ्यात शरीर वाकडे होऊन वेग तुटतो. आकडा पक्का असलेली मुले मान न हलवता टर्न घेतात. पाहायला ही लहानशी गोष्ट आहे, पण तिच्यात विश्वासाचा सगळा प्रश्न सामावलेला आहे. त्या मुलाचा विश्वास शंभर वेळा पडताळून पाहिलेल्या आकड्यावर असतो, म्हणून तो शर्यतीतही टिकतो. ‘मी करू शकतो’ असे आरशासमोर म्हणून आलेला विश्वास पताकांच्या खाली किती टिकतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आकड्यांची गंमत आणि अडचण दोन्ही तलाव बदलला की समोर येतात. आपल्याकडची पुष्कळ मुले २५ मीटरच्या तलावात शिकतात. तिथे दर लांबीनंतर भिंत मिळते, भिंतीला पाय मारून नवा वेग मिळतो आणि पुढचे काही मीटर पाण्याखालून फुकट जातात. असे मूल राज्य स्पर्धेसाठी बालेवाडीच्या ५० मीटरच्या तलावावर प्रथमच उतरते तेव्हा निम्म्या वाटेवर त्याच्या शरीराला भिंत हवी असते आणि ती येत नाही. मग मन घाबरते, श्वास उथळ होतो, हात आखूड पडू लागतात. पुण्याहून परतल्यावर त्याला घरी सांगितले जाते की तू मोठ्या स्पर्धेचे दडपण घेतलेस, आणि मुलालाही ते खरे वाटते. प्रत्यक्षात त्याला पन्नास मीटरचा स्वतःचा आकडा माहीत नव्हता. दडपणाचा बराच मोठा हिस्सा अशा साध्या अज्ञानाचा असतो, आणि ज्याला आपण मुलाचा स्वभाव समजतो तो पुष्कळदा न मिळालेला सराव असतो. जे प्रशिक्षक स्पर्धेच्या आधी मुलांना एक-दोन दिवस मोठ्या तलावात नुसते मोजत पोहू देतात, त्यांची मुले तिथे वेगळीच दिसतात.

मनातल्या मनात शर्यत पोहण्याच्या पद्धतीवर माझा विश्वास बसला तो टाळेबंदीच्या काळात. मार्च २०२० मध्ये तलाव बंद झाले आणि बाकी पुष्कळ गोष्टी खुल्या झाल्या तरी ते उघडेनात. मुले गच्चीवर रबरी पट्टे ओढत होती, दोरीवरच्या उड्या मारत होती, पण पाण्याची सवय सुटत चालली होती. माझ्या ओळखीच्या एका प्रशिक्षकांनी तेव्हा मुलांना फोनवरून एक काम दिले. सतरंजीवर डोळे मिटून पडायचे, आईने किंवा बाबांनी स्टॉपवॉच सुरू करायचे, आणि सूर मारण्यापासून भिंतीला हात लावेपर्यंत शंभर मीटर मनात पोहून बोट उचलायचे. सुरुवातीला बहुतेकांची मनातली शर्यत खऱ्या टायमिंगपेक्षा फार लवकर संपायची. सरांनी त्याचे कारण शोधायला सांगितले तेव्हा मुलांच्या लक्षात आले की त्यांचे मन सूर आणि शेवट तपशिलाने पोहते, पण दमवणारा मधला भाग वगळून टाकते. मग त्या वगळलेल्या भागावर काम सुरू झाले. तिथे खांदे कसे जड होतात, टर्ननंतर पहिला श्वास किती उशिरा घ्यायचा, पाय पुन्हा कधी जोरात मारायला लागायचे, हे सारे मुले बोलून दाखवू लागली. हळूहळू मनातले टायमिंग खऱ्याच्या जवळ आले. तलाव उघडल्यावर त्यांचा दम गेलेला होता, तो परत यायला वेळ लागला, पण शर्यतीची आखणी मात्र डोक्यात ताजी होती.

त्याच कठीण काळानंतर, जून २०२१ मध्ये रोमला साजन प्रकाशने २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहून टोकियो ऑलिंपिकचा ‘अ’, म्हणजे थेट प्रवेश देणारा, पात्रता निकष ओलांडला. १ मिनिट ५६.४८ हा तो निकष, आणि तो गाठणारा साजन पहिला भारतीय. मानेच्या दुखापतीतून उठून तो तिथवर पोहोचला होता. पुढच्याच दिवशी श्रीहरी नटराजने १०० मीटर बॅकस्ट्रोकचा निकष गाठला. आमच्या तलावावरच्या मुलांना मी ही दोन नावे नेहमी सांगते, कारण त्यांचे टायमिंग आणि निकष यांतला फरक साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाचा आहे आणि तेवढा फरक कसा तयार होतो हे या मुलांना अनुभवाने समजते.

आता प्रेरणेच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाकडे यायला हवे, कारण तो टाळला तर बाकीची चर्चा अर्धी राहील. मूल पोहते कशासाठी? आपल्याकडे याचे एक उत्तर दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांत असते, दुसरे शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात. ही कारणे कमी प्रतीची आहेत असे मी मानत नाही. साधारण परिस्थितीतल्या घराने पोहण्याचा पोशाख, तलावाची फी, प्रवास आणि खुराक यांवर वर्षानुवर्षे खर्च करायचा तर त्यांना काही ठोस आशा हवीच. परंतु एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलेली गोष्ट तलावावर रोज पडताळता येते. बाहेरून मिळणारे बक्षीसच एकमेव कारण झाले की आतला रस आटू लागतो, आणि तो टिकायला तीन गोष्टी लागतात: निर्णयात आपलाही वाटा असणे, आपल्याला हे जमू लागले आहे असे जाणवणे, आणि इथली माणसे आपली आहेत असे वाटणे. दहावीचे गुण मिळाले की दुसऱ्या दिवसापासून पाण्याकडे न फिरकणारी गुणी मुले पाहिली की मला नेहमी वाटते, यांना कोणी कधी विचारले होते का की बाळा, तुला कोणती शर्यत आवडते?

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी चांगल्या पोहणाऱ्या मुली तलावावरून दिसेनाशा होतात. पाळीचे दिवस, पोहण्याच्या पोशाखावरून नातेवाइकांचे बोलणे, उन्हाने रापलेला रंग, क्लोरीनने राठ झालेले केस, कपडे बदलण्याच्या खोलीची अवस्था, या गोष्टींवर कोणी मोकळेपणाने बोलत नाही आणि वहीत ‘आवड कमी झाली’ अशी नोंद होते. आवड कमी झालेली नसते. ज्या तलावावर एखादी ताई किंवा मॅडम हे विषय थेट बोलते, आईला बाजूला बसवून समजावते, पाळीत पोहायचे की नाही याचा निर्णय मुलीवर सोडते, तिथे मुली टिकतात. स्पर्धेच्या मानसिक तयारीची पुस्तकी चर्चा करण्याआधी एवढे झाले तरी विदर्भाच्या संघात पुष्कळ फरक पडेल.

स्पर्धेआधीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांबद्दल थोडक्यात सांगते. या काळात सराव मुद्दाम कमी केला जातो, त्याला टेपर म्हणतात. नेमक्या याच दिवसांत मुलांना अंग जड वाटते, पाणी पकडता येत नाही असे वाटते, झोप कमी-जास्त होते आणि चिडचिड वाढते. थकलेले शरीर सावरत असताना असे होते, हे आधी सांगून ठेवले की मुले घाबरत नाहीत. न सांगितल्यास ती चोरून जास्त सराव करतात आणि पालकही त्याला मेहनत समजून दाद देतात.

हरल्यानंतरच्या मनाचे काय, याचा विचार आपण सर्वांत कमी करतो. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० मध्ये ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य जिंकले, तेव्हा १९८६ च्या खजान सिंग यांच्या रौप्यानंतर तब्बल २४ वर्षांनी भारताला आशियाई जलतरणात पदक मिळाले होते. पुढे तहसीलदार म्हणून शासकीय सेवेत रुजू झाल्यावर काही वर्षे तो तलावापासून दूर होता. तिथून परत येऊन त्याने २०१८ मध्ये जकार्तात ५० मीटर फ्रीस्टाईलच्या हीटमध्ये २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम शर्यतीत २२.४७ सेकंद घेतले. कांस्यपदक गेले २२.४६ ला. सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथा. स्वतः फेल्प्स २०१२ मध्ये लंडनला २०० मीटर बटरफ्लाय दक्षिण आफ्रिकेच्या चॅड ल क्लोसकडून पाच शतांश सेकंदांनी हरला, कारण शेवटचा स्ट्रोक भिंतीपर्यंत पुरला नाही आणि तो हात लांबवून तरंगत गेला. ज्याने अंधारात भिंत अचूक गाठली त्याचाच उजेडात अंदाज चुकला. म्हणून एका पराभवावरून मुलाच्या मनोबलाचा निवाडा करू नये असे मला ठामपणे वाटते. फेल्प्सने नंतर आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे सांगितले, आणि १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये जगात कोणाला जवळ येऊ न देणाऱ्या ब्रिटनच्या अ‍ॅडम पीटीने २०२३ मध्ये मनःस्वास्थ्यासाठी स्पर्धेतून माघार घेतली. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये तो परतला आणि त्याचे सुवर्ण दोन शतांशांनी हुकले. इतक्या मोठ्या माणसांना जर थांबावेसे वाटू शकते, तर चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला आठवडाभर तलाव नकोसा झाला म्हणून घरात बैठक बसवण्याचे कारण नाही.

स्पर्धेहून घरी परततानाचा प्रवास मुलांच्या फार लक्षात राहतो, असे मोठी झालेली मुलेच सांगतात. त्या प्रवासात टायमिंगचा विषय मुलाने काढला तर बोलावे, नाही काढला तर जेवायला काय हवे ते विचारावे. विश्लेषणाला दुसऱ्या दिवशीचा सराव आहेच, आणि ते काम प्रशिक्षकांचे आहे.

यंदा आमच्या भागातल्या काही प्रशिक्षकांनी सरावाच्या वहीत टायमिंगच्या रकान्याशेजारी स्ट्रोकचा रकाना आखला आहे आणि तो मुले स्वतः भरतात. पोळ्याआधीच्या आठवड्यांत एक नवा सरावही सुरू झाला आहे. लांबीचे शेवटचे पाच-सहा स्ट्रोक डोळे मिटून पोहायचे आणि भिंतीशी काठी घेऊन पालकांनी उभे राहायचे, एस ११ च्या टॅपरसारखे. पालकांना आधी काठी कशी धरायची ते शिकवावे लागते. ती फार लवकर टेकवली तर मूल मध्येच थांबते आणि उशीर झाला तर त्याचा हात भिंतीवर आदळतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस हा सराव निम्म्या वेगानेच घेतात.